उधारीची फाइल उडाली तर? डेटाचा इतिहास आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवा

समजा नागपुरात तुमचा संत्र्याचा धंदा आहे. कळमन्यातले भाव, गिऱ्हाइकांची उधारी, सगळं एकाच एक्सेल फाइलमध्ये. कुणीतरी जुनी फाइल नव्यावर सेव्ह केली की महिन्याची उधारी गेली! वसुली कशावरून करणार?

गूगल ड्राइव्ह आहेच, आणि एकट्या माणसाला ते पुरतं. पण एक्सेलच्या जुन्या आवृत्त्या ते साधारण ३० दिवसच ठेवतं. उधारी त्याहून लांब चालते, हे तुम्हाला सांगायला नको.

लेकएफएस मोफत आणि ओपन सोर्स आहे. डॉकर टाका, त्यात लेकएफएसचा कंटेनर चालवा, ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा ८००० पोर्ट उघडा. सुरुवातीला मिळणारी सीक्रेट की पुन्हा दिसत नाही, तेव्हाच उतरवून घ्या. मग रिपॉझिटरी बनवा, फाइल अपलोड करा आणि रोज दुकान बंद करताना एक कमिट करा. चूक झाली तर कालची फाइल कालच्या कमिटमध्ये सापडते. मात्र नेमका कोणता आकडा बदलला, हे एक्सेलच्या बाबतीत ते दाखवत नाही.

फसगत होते ती इथे: कंटेनर डिलीट केला की आतला डेटाही जातो. म्हणून पहिल्याच दिवशी हार्ड डिस्कवरचं फोल्डर व्हॉल्यूम म्हणून जोडा. आठवड्यातून एकदा कंटेनर थांबवून ते फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या.

आणि हो, पहिला प्रयोग उधारीच्या फाइलवर नको. एखादी जुनी फाइल घ्या, मुद्दाम बिघडवा, परत आणून बघा.