पाना स्वतः धरावा की मिस्त्रीच्या हाती द्यावा?



मृगाचा पाऊस पडून गेला आहे, जमिनीला वाफसा आला आहे, बियाणे घरात आहे आणि ट्रॅक्टर मात्र अंगणात उभा. चावी फिरवली की इंजीन नुसते खोकते, धरत नाही. अशा वेळी घरात दोन मते पडतात. थोरले म्हणतात, मिस्त्रीला बोलवा. धाकटा म्हणतो, मिस्त्री आज यायचा नाही, मीच खोलतो. दोघांचेही म्हणणे निम्मे बरोबर असते. पण कोणते निम्मे बरोबर, हे न कळल्यामुळे पेरणी लांबते. वाफसा कोणासाठी थांबत नाही. म्हणून कोणते काम घरी करायचे आणि कोणते बाहेर द्यायचे, हे बिघाड होण्यापूर्वीच ठरवून ठेवावे. तहान लागल्यावर विहीर खणू नये.

तीन प्रश्न विचारा

पाना हातात घेण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, या कामाला बारीक माप लागते का, आणि ते मोजायचे साधन माझ्याकडे आहे का? दुसरा, काम चुकले तर काय जाईल? एखादा वायसर जाईल, महागडा भाग जाईल, की हातपाय जाईल? तिसरा, ट्रॅक्टर अजून हमीच्या मुदतीत आहे का? मुदतीत असताना पंपाचे सील तोडले तर कंपनी हमी नाकारू शकते. तिन्ही उत्तरे सोयीची असतील तर काम खुशाल घरी करा. एकही अडचणीचे असेल तर थांबा.

ही कामे घरचीच

एक लिटर डिझेल जळायला दहा हजार लिटरांहून अधिक हवा लागते. रोटाव्हेटर किंवा मळणी चालू असताना ही हवा धुळीने भरलेली असते. म्हणून एअर क्लीनर हे इंजिनाचे नाक समजावे. तेलाचा क्लीनर असेल तर धुळीच्या दिवसांत त्याची वाटी रोज उघडून पाहावी. तेल चिखलासारखे झाले असेल तर वाटी धुऊन नवे तेल खुणेपर्यंत भरावे. कागदी क्लीनर असेल तर तो डिझेलने धुऊ नये. हलक्या हाताने झटकावा, किंवा आतून बाहेरच्या बाजूस हलकी हवा मारावी.

इंजीन तेल रोज सकाळी सपाट जागी, इंजीन बंद असताना काठीने पाहावे. रेडिएटरचे पाणी, फॅन बेल्टचा ताण, बॅटरीतले पाणी आणि तिची टोके, चाकांचे नट, ग्रीसची टोपणे ही सर्व कामे घरची. बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबावा. बॅटरीत शुद्ध केलेले पाणीच घालावे, विहिरीचे घालू नये. टोके सोडवताना आधी अर्थिंगचे टोक सोडवावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. क्लच पेडलवर पाय ठेवून चालवायची सवय मोडावी. पाय नुसता टेकलेला असला तरी बेअरिंग झिजते आणि पुढे क्लच प्लेट जळते.

टाकीतले डिझेल संपून इंजिनाने एअर घेतली, तर जुन्या पद्धतीच्या पंपाच्या ट्रॅक्टरवर ती घरी काढता येते. टाकीत डिझेल भरावे. फिल्टरवरचा एअर काढण्याचा स्क्रू सैल करावा आणि हातपंप मारत राहावा. बुडबुडे थांबून अखंड डिझेल आले की स्क्रू आवळावा. मग डिझेल पंपावरच्या स्क्रूचे तसेच करावे. सुरुवातीला वर्णन केलेल्या खोकणाऱ्या इंजिनाचे दुखणे पुष्कळदा एवढेच असते.

धूर काय सांगतो

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी, किंवा डिझेल जास्त. अशा वेळी आधी एअर क्लीनर पाहावा. पुष्कळ ठिकाणी आधी पंपच खोलला जातो आणि दोष निघतो चोंदलेल्या क्लीनरचा. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! निळसर धूर म्हणजे इंजीन तेल जळते आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजल्याची ती खूण असू शकते. थंड सकाळी थोडा पांढरा धूर चालतो. पण इंजीन तापल्यावरही तो येत राहिला, किंवा तेल दुधाळ दिसले, तर पाणी आत शिरत असावे. अशा वेळी इंजीन चालवू नये, मिस्त्रीला बोलवावे. काठीवर तेल आपोआप वाढलेले दिसले, तरी तेच करावे.

येथे हात घालू नये

डिझेल पंपातील दट्ट्या आणि त्याची नळी यांमधली फट दोन-तीन मायक्रॉनांची असते. माणसाच्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरली, तर ही फट किती बारीक ते ध्यानात येईल. ही जोडी एकमेकांसाठीच घासून तयार केलेली असते. एकीचा दट्ट्या दुसरीला चालत नाही. अंगणात खोलल्यावर बोटाची धूळही तिला बाधते. पंपाचे कॅलिब्रेशन चाचणीच्या टेबलावरच होते. नोझलचा दाब जुन्या ट्रॅक्टरांतही दर चौरस सेंटीमीटरला साधारण दोनशे किलोच्या आसपास असतो, तोही यंत्रावरच तपासावा. गिअरबॉक्स, हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह, सिलिंडर हेड आणि क्लच प्लेटसाठी ट्रॅक्टर दोन भागांत वेगळा करणे, ही सगळी कामे मिस्त्रीची.

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू आहेत. अशा अनेक ट्रॅक्टरांत कॉमन रेल आणि संगणकी नियंत्रण असते. तेथे दाब हजार किलोंच्याही वर जातो. त्याच्या नळ्यांचे नट घरी कधीही सैल करू नयेत. एअर काढण्याची वर दिलेली रीत या ट्रॅक्टरांसाठी नाही.

जीव आधी

डिझेलची बारीक, जोरदार धार कातडीच्या आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे घडल्यास घरगुती उपाय न करता लगेच दवाखान्यात जावे आणि धार आत शिरल्याचे डॉक्टरांना सांगावे. गळती शोधायची तर हाताने नव्हे, पुठ्ठा धरून शोधावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली जाऊ नये. चाकांना उटी लावावी आणि खाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. पी. टी. ओ. चालू असताना जवळ उपरणे, पदर, ओढणी, सैल शर्ट नको. माणूस त्यात गुंतायला क्षणभरही लागत नाही.

मिस्त्री कसा निवडावा

गावचा मिस्त्री जवळचा, तालुक्याचा जाणता, असे सरसकट नसते. पंपाच्या कामासाठी ज्याच्याकडे चाचणीचे टेबल आहे, त्याच्याकडेच जावे. मजुरी आणि सुट्या भागांचा अंदाज कामाआधीच विचारावा. बदललेला जुना भाग परत मागावा आणि पावती घ्यावी. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही.

त्याला दुखणेही नीट सांगावे. ट्रॅक्टर कधीपासून बिघडला, थंड असताना की तापल्यावर, धूर कसा, आवाज कोठून, शेवटची सर्व्हिस किती तासांवर झाली, हे सांगता आले तर अर्धे काम होते. त्यासाठी शंभर पानी वही ठेवावी. शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हे काम द्यावे. तासांचे मीटर, तेल बदल, फिल्टर, खर्च, सगळे तारखेसह लिहावे. हिशेब घरातल्या बाईच्या डोळ्यांखाली राहिला तर तो टिकतो, असा आमचा अनुभव आहे.

तरुणांनी हे शास्त्रशुद्ध शिकून घेतले तर फारच उत्तम. मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची शेतीयंत्रांच्या प्रशिक्षणाची संस्था आहे. आय. टी. आय. मध्येही मेकॅनिक ट्रॅक्टर आणि डिझेल मेकॅनिक हे अभ्यासक्रम असतात. घरातला एक मुलगा किंवा मुलगी हे शिकली, तर मिस्त्रीला कधी बोलवायचे ते घरातच कळेल, आणि पुष्कळदा बोलवावेच लागणार नाही.

यंदा उन्हाळी नांगरट आटोपली की दोन दिवस काढा. ट्रॅक्टरची पुस्तिका उघडा, फिल्टर, तेल आणि बेल्ट पाहा, जादा फिल्टर आणि बेल्ट घरात आणून ठेवा. पंपाचे किंवा क्लचचे काम असेल, तर मिस्त्री मोकळा आहे तोवरच उरकून घ्या. रोहिणी लागल्या की त्याच्या दारी रांग लागते, आणि त्या रांगेत आपल्या पेरणीचे दिवस खर्ची पडतात.