बोटाला उलट ढकलणारी मोटर

मुलांनो, मेकॅट्रॉनिक्स म्हणजे यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक यांचा मेळ. हा शब्द १९६९ साली जपानमधील यास्कावा कंपनीचे अभियंते तेत्सुरो मोरी यांनी तयार केला. हा विषय शिकायला महागडे संच लागत नाहीत. ९ ग्रॅमची सर्व्हो मोटर, आर्डुइनोसारखा बोर्ड आणि तीन वायरी एवढ्यावर आपण सुरुवात करू.

बोर्ड दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद पाठवतो. स्पंद दीड मिलिसेकंदाचा असला की मोटरचा दांडा मधोमध राहतो. स्पंदाची लांबी बदलली की तो वळतो. दांडा प्रत्यक्षात कुठे आहे, हे आतला पोटेन्शिओमीटर कळवतो आणि फरक मिटेपर्यंत मोटर फिरते. यालाच फीडबॅक म्हणतात. पोळी लाटताना जाड कड दिसली की हात तिकडेच दाब देतो, तसेच हे.

आता दांडा बोटाने हलकेच ढकला. तो उलट जोर लावतो! जास्त रेटू मात्र नका, आतले प्लास्टिकचे दाते तुटतात.

पालकांनो, जोडणी मुलांनाच करू द्या. ५ व्होल्ट पुरतात. भिंतीतल्या विजेचे प्रयोग नकोत. मोटर हलली नाही, तर लगेच उत्तर सांगू नका. "कुठे अडले असेल?" एवढेच विचारा, आणि मराठीतच विचारा. शब्द अडले तर आपण मिळून शोधू.