कोर्टाचा आदेश बैठकीत मिटतो का?

छळाला कंटाळून बाई कोर्टात गेली, तिला संरक्षण आदेश मिळाला, इथपर्यंतची गोष्ट आपण ऐकतो. पुढं काय होतं ते मात्र कुणी सांगत नाही. दिवाळी नाहीतर लग्नसराई जवळ आली की सासरची चार माणसं माहेरी येतात. मामा, चुलते, सोबत एखादा पुढारी. ओसरीवर बैठक बसते. ‘पोरीचं नांदणं महत्त्वाचं, कोर्टाचं काय घेऊन बसलात?’ स्टॅम्प पेपरवर ‘मागचं सगळं मिटलं, आदेश रद्द’ असं लिहिलं जातं, सह्या-अंगठे होतात आणि बाई पिशवी घेऊन निघते.

मैत्रिणींनो, त्या कागदानं कोर्टाचा आदेश रद्द होत नाही. नोटरीचा शिक्का असला तरी नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ चा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम २५ मध्ये सरळ लिहिलंय की, संरक्षण आदेश रद्द करा असा अर्ज ती बाई स्वतः करत नाही, तोपर्यंत तो चालूच राहतो. अर्ज करायचा तो मॅजिस्ट्रेटसमोर, पंचांसमोर नव्हे.

आणि खरं तर नांदायला जायचं म्हणून आदेश मोडीत काढायची गरजच काय? ‘मारू नकोस, छळू नकोस’ एवढंच तो सांगतो. नवरा नीट वागणार असेल तर त्या कागदाची त्याला अडचण का व्हावी? त्याला घराबाहेर राहायला किंवा तिच्याशी संपर्क न ठेवायला सांगितलं असेल, तर तेवढाच भाग बदलून मागता येतो. बाकीचा तसाच ठेवावा. पुन्हा हात उचलला तर नव्यानं सगळं सुरू करावं लागत नाही. आदेश मोडणं हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नवऱ्यालाही दार बंद नाही, हेही सांगायला हवं. तीस दिवसांत सेशन्स कोर्टात अपील करता येतं; अकोल्याच्या लोकांना त्यासाठी संगमनेर गाठावं लागतं. नुसतं अपील केलं म्हणून आदेश थांबत नाही, त्यासाठी स्थगिती मिळवावी लागते. परिस्थिती बदलली म्हणून आदेशात बदलही मागता येतो. मॅजिस्ट्रेटनं तो मान्य केला तर कारणं लेखी द्यावी लागतात. बंगळूरच्या एका जोडप्याच्या खटल्यात पत्नीला २०१५ मध्ये दरमहा बारा हजार आणि एक लाख भरपाई मंजूर झाली होती. काही वर्षांनी नवऱ्यानं तो आदेश रद्द करून दिलेले पैसेसुद्धा परत मागितले! सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, बदल आदेशानंतर घडलेला हवा, आणि आधी दिलेले पैसे परत मागता येणार नाहीत.

आदेश टिकवणं किती जिकिरीचं असतं, ते आपल्या विदर्भातल्या एकीनं भोगलंय. तिला अचलपूरच्या कोर्टानं दरमहा दीड हजार रुपये आणि अमरावतीच्या घरात राहण्याचं संरक्षण दिलं. सासरचे वर गेले. नागपूर खंडपीठानं सासू आणि नणंदेचं नाव वगळलं, तिलाच घर सोडायला सांगितलं. ती दिल्लीपर्यंत लढली. ३१ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल रद्द केला आणि नवऱ्याच्या नात्यातल्या बायकांविरुद्धही तक्रार चालते, हे ठरवून दिलं. त्याचा उपयोग आज प्रत्येक सुनेला होतो.

तालुक्यातली मुलगी नाशिकला दिलेली असो की पुण्याला, माहेरी येऊन राहिली असेल तर अकोल्याच्याच कोर्टात अर्ज करता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा वाढतात, म्हणून अंतरिम आदेश आधीच मागावा. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडं जा. बाईला तिथं उत्पन्नाची अट नाही. आदेशाची प्रत फुकट मिळते, पोलीस ठाण्यालाही कोर्टच पाठवतं. आपली प्रत सासरी न्यायच्या ट्रंकेत ठेवू नका. एक झेरॉक्स आईकडं, एक भरवशाच्या मैत्रिणीकडं.