सॉकेट फलनसंग्रहाचे प्रलेखन
दोन आज्ञावल्यांना संगणक-जालकाद्वारे परस्परांशी माहितीची देवघेव करता यावी म्हणून प्रचालन प्रणाली जे संपर्काचे टोक उपलब्ध करून देते, त्यास सॉकेट म्हणतात. सॉकेट निर्माण करणे, त्यास पत्ता देणे, जोडणी करणे, माहिती पाठविणे व स्वीकारणे ही कामे करणाऱ्या तयार फलनांच्या समूहास सॉकेट फलनसंग्रह (लायब्ररी) म्हणतात. प्रत्येक फलनास काय पुरवावे, त्याकडून काय मिळते व ते केव्हा अयशस्वी ठरते यांचे लेखी वर्णन म्हणजे त्या संग्रहाचे प्रलेखन होय. प्रलेखनातील सुधारणा स्वीकारण्यापूर्वी त्यांची जी तपासणी करतात, तिला परीक्षण म्हणतात.

प्रचलित सॉकेट फलनसंग्रहांचे मूळ बहुतांशी कॅलिफोर्निया विद्यापीठाने (बर्कली) १९८३ मध्ये प्रसृत केलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्स प्रणालीत आढळते. युनिक्सच्या प्रलेखनाची परंपरा त्याहून जुनी असून तिची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये तयार झाली. ज्ञात दोष नोंदविण्यासाठी तीत स्वतंत्र सदर होते.

या क्षेत्रात चुकीच्या विधानाइतकेच अपुरे विधानही घातक ठरते. ‘सेंड’ हे फलन दिलेली सर्व माहिती एकाच वेळी पाठवीलच असे नाही. प्रत्यक्षात किती बाइट स्वीकारले गेले ती संख्या ते परत देते. तसेच टीसीपी हा बाइटांचा अखंड प्रवाह असल्याने, एका वेळी पाठविलेला संदेश दुसऱ्या टोकास तुकड्यातुकड्यांनी मिळू शकतो. प्रलेखनात याचा उल्लेख नसल्यास लिहिलेली आज्ञावली एकाच यंत्रावरील चाचणीत बिनचूक चालते. मात्र दूरच्या व व्यस्त जालकावर तिच्यातील माहिती अपुरी राहते. असा दोष क्वचितच प्रकट होत असल्याने तो शोधणे कठीण जाते.

वर्णन अचूक असूनही कालांतराने ते कालबाह्य होते. ‘लिसन’ या फलनास प्रतीक्षारांगेची लांबी द्यावी लागते. लिनक्स २.२ (१९९९) पासून टीसीपीच्या बाबतीत या संख्येचा अर्थ बदलला. पूर्वी ती अपूर्ण जोडण्यांची मर्यादा होती. नंतर ती पूर्ण होऊन स्वीकृतीची वाट पाहणाऱ्या जोडण्यांची मर्यादा ठरली. या संख्येवरील प्रणालीची मूळ कमाल मर्यादा १२८ होती. ती लिनक्स ५.४ (२०१९) मध्ये ४,०९६ झाली. त्याचप्रमाणे नावावरून पत्ता शोधणारे ‘गेटहोस्टबायनेम’ हे फलन पॉझिक्स मानकातून २००८ मध्ये वगळण्यात आले व ‘गेटअ‍ॅड्रइन्फो’ हे त्याचे पर्यायी फलन होय. तथापि जुनी उदाहरणे नकलून घेण्याच्या सवयीमुळे अशी फलने दीर्घकाळ वापरात राहतात.

परीक्षणात प्रत्येक विधान मूळ आज्ञावलीशी व मानकाशी ताडून पाहतात आणि उदाहरणे प्रत्यक्ष चालवून पाहतात. अपयशाच्या सर्व प्रसंगांचा निर्देश आहे किंवा नाही, हेही तपासतात. विधान सुबोध करताना त्यातील अट गळणार नाही याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. उदा., ‘माहिती घेणाऱ्या फलनाने शून्य परत दिल्यास समोरील टोकाने पाठविणे बंद केले आहे’, हे वाक्य सुटसुटीत असले, तरी ते केवळ प्रवाही सॉकेटास लागू पडते. यूडीपीमध्ये शून्य लांबीचा संदेशही वैध असतो. शिवाय शून्य बाइटांचीच मागणी केली असता प्रवाही सॉकेटावरही शून्य मिळू शकते.

मानकाने दिलेली हमी आणि एखाद्या प्रणालीत योगायोगाने दिसणारे वर्तन यांतील भेद राखणे, हे परीक्षकाचे सर्वांत नाजूक काम होय. लिहिलेल्या प्रत्येक वाक्यावर विसंबून इतर आज्ञावल्या रचल्या जातात. त्यामुळे योगायोगास हमीचे रूप दिल्यास पुढे फलनसंग्रहात बदल करणे दुष्कर होते. उलट खरी हमी नमूद न केल्यास प्रत्येक आज्ञावलीकारास ती स्वतः प्रयोगाने शोधावी लागते.