गोळी कधी थांबवायची, हे लेखी मागा

रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याला शस्त्रक्रिया सांगितली, की दोन धोके समोर येतात. गोळी चालू ठेवली तर रक्तस्राव, थांबवली तर गुठळी होऊन पक्षाघात. हा तोल हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन आणि भूलतज्ज्ञ अशा तिघांनी सांभाळायचा असतो. अनेकदा ते वेगवेगळ्या ठिकाणी बसतात आणि तिघांनाही भेटतो तो फक्त रुग्ण. म्हणून गोळी कधी थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, याचं वेळापत्रक रुग्णाने किंवा घरच्यांनी लेखी मागून घ्यायला हवं.

शेजाऱ्याचं वेळापत्रक इथे चालत नाही. वॉरफॅरिन साधारण पाच दिवस आधी थांबवतात. अ‍ॅपिक्साबान किंवा रिव्हारॉक्साबान रक्तस्रावाच्या धोक्यानुसार एक-दोन दिवस आधी थांबवणं पुरतं, हे २०१९ च्या ‘पॉज’ अभ्यासाने दाखवलं. डॅबिगॅट्रानला मात्र मूत्रपिंड कमजोर असल्यास जास्त दिवस लागतात. मोतीबिंदू किंवा साधा दात काढण्यासाठी बहुधा गोळी थांबवावीच लागत नाही. गोळी बंद असताना खबरदारी म्हणून हेपरिनसारखी इंजेक्शनं देण्याची पद्धतही सरसकट हिताची नाही. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या १,८८४ रुग्णांवरच्या २०१५ च्या ‘ब्रिज’ अभ्यासात या इंजेक्शनांनी गुठळ्या कमी झाल्या नाहीत, मोठा रक्तस्राव मात्र १.३ ऐवजी ३.२ टक्के रुग्णांना झाला. यांत्रिक झडप बसवलेले रुग्ण त्या अभ्यासात नव्हते. त्यांचा विचार वेगळा करावा लागतो.

असं विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास, असं अनेकांना वाटतं. पण शस्त्रक्रियागृहही केवळ आठवणीवर चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणी यादीनुसार भूल देण्याआधी रुग्णाकडूनच त्याचं नाव आणि शस्त्रक्रियेची जागा पडताळून घेतात. ही यादी वापरल्यावर दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. डॉक्टरांना वेळ नसतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच औषधाचं नाव, मात्रा, ते कशासाठी चालू आहे आणि मूत्रपिंडाचा अहवाल एका कागदावर तयार ठेवावा. प्रश्न मिनिटभरात संपतो. आणखी एक भीती असते, की रुग्ण स्वतःच डॉक्टर होईल. पण मनाने गोळी बंद करणारा रुग्ण बहुधा कुणालाच विचारत नाही; विचारणारा निर्णय डॉक्टरांवरच सोपवतो, फक्त तो तिघांचा मिळून एकच असावा एवढं पाहतो. घरी सोडताना गोळी पुन्हा सुरू करण्याची तारीख लिहून घेतल्याशिवाय निघू नये, कारण शस्त्रक्रिया पार पडली तरी गुठळीचा धोका संपलेला नसतो.