दाढी, बोंगो आणि एक सायकल : पडद्यावरचे बंडखोर

‘केस काप आधी, हिप्पी झालायस नुसता!’ हे वाक्य तुम्ही घरी कधी ना कधी ऐकलं असेल. तुम्ही नाही तर तुमच्या बाबांनी तरी नक्की ऐकलं असेल. आता गंमत बघा. हे वाक्य बोलणाऱ्या आजोबांनी खराखुरा हिप्पी बहुधा कधी पाहिलेलाच नसतो. त्यांनी पाहिलेला असतो तो १९७१ चा देव आनंदचा ‘हरे रामा हरे कृष्णा’. म्हणजे एका अख्ख्या पिढीची आपल्या घरातली ओळख आली ती सिनेमातून. चिलीम, माळा, विस्कटलेले केस, आणि शेवटी सर्वनाश.

ही ओळख तयार कशी होते? नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या आपल्यासाठी याचं एक झकास उदाहरण इथेच, अ‍ॅमस्टरडॅममध्ये आहे. पण सुरुवात अमेरिकेतून करावी लागेल.

‘बीटनिक’ हा शब्द बीट कवींनी स्वतःसाठी निवडलेला नाही. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या हर्ब केन या स्तंभलेखकाने एप्रिल १९५८ मध्ये तो थट्टेने वापरला. सहा महिन्यांपूर्वीच रशियाने स्पुटनिक सोडला होता, त्याचं शेपूट ‘बीट’ला जोडलं आणि झाला शब्द तयार. टीव्हीला एवढं पुरेसं होतं. १९५९ मध्ये ‘द मेनी लव्हज ऑफ डोबी गिलिस’ या मालिकेत मेनार्ड क्रेब्स आला. हनुवटीवर दाढीचा झुपका, हातात बोंगो, आणि ‘काम’ हा शब्द कानावर पडला की दचकणारा. लोकांना तो आवडला, कारण त्याची भीती वाटत नव्हती. युद्ध, अणुबॉम्ब, चाकोरीतलं जगणं यांवर बीट कवी जे काही म्हणत होते, ते सगळं बाजूला पडलं आणि वेशभूषा तेवढी उरली.

आता इकडे या. १९५० च्या दशकात डच वर्तमानपत्रं रस्त्यावर टवाळक्या करणाऱ्या, मोपेड उडवणाऱ्या पोरांना ‘नोझेम’ म्हणू लागली. १९६५ मध्ये वाउटर बाउकहाउसेन या गुन्हेशास्त्रज्ञाने याच पोरांवर प्रबंध लिहिला आणि त्यात ‘प्रोवो’ हा शब्द वापरला : उगाच खोड्या काढून चिथावणारे. त्याच वर्षी रूल फान डाउन, रोब स्टोल्क वगैरे तरुणांनी हा शब्द सरळ उचलला आणि आपल्याच चळवळीला लावला. इथे फरक लक्षात घ्या. अमेरिकेत नाव बाहेरून चिकटलं आणि चिकटूनच राहिलं. इथे नाव बाहेरूनच आलं, पण पोरांनी ते हिसकावून घेतलं. (संशोधक मंडळींनो, आपण लोकांना नावं ठेवतो, दोन्ही अर्थांनी, तेव्हा हे आठवलेलं बरं!)

यांचा अड्डा स्पाउ चौकात. तिथे ‘हेट लिवर्ड्ये’ नावाचा एका पोराचा छोटासा पुतळा आहे, तुम्ही त्याच्यासमोर कॉफी प्यायलाही असाल. तो शहराला भेट दिला होता एका सिगारेट कंपनीने. रॉबर्ट यास्पर ग्रोटफेल्ट हा धूम्रपानविरोधी अवलिया शनिवारी मध्यरात्री या पुतळ्याभोवती आपले विधी करायचा. प्रोवो त्यात सामील झाले. लूड स्खिमेलपेनिंकची पांढऱ्या सायकलींची योजनाही यांचीच : शहराच्या सायकली, कुलूप नाही, ज्याला हवी त्याने घ्यावी. पोलिसांनी त्या जप्त केल्या, कारण बिनकुलपाची सायकल ठेवणं नियमात बसत नव्हतं. कोस्ये कोस्टर नावाच्या तरुणीला तर चौकात बेदाणे वाटले म्हणून पकडलं. बेदाणे वाटणारी मुलगी आणि तिला उचलून नेणारे पोलीस, असं दृश्य समोर आलं की लोक आपसूक विचारतात, यातला शहाणा कोण?

मग आला १० मार्च १९६६. राजकन्या बेआट्रिक्स आणि क्लाउस फोन आम्सबर्ग यांचं लग्न. नवरदेव जर्मन, तरुणपणी जर्मन सैन्यात असलेला, आणि युद्ध संपून जेमतेम एकवीस वर्षं झालेली. लग्नाआधी प्रोवोंनी अफवा सोडल्या होत्या : पाण्यात एलएसडी मिसळणार, चर्चच्या ऑर्गनमधून हसवणारा वायू सोडणार. प्रत्यक्षात उडाले धुराचे बॉम्ब. पण टीव्हीचं थेट प्रक्षेपण चालू होतं. सोन्याची बग्गी रादहाउसस्ट्राटवरून जाताना पांढरा धूर उठला आणि तो घरोघरी दिसला. स्वतःचा कॅमेरा नसलेल्या मूठभर पोरांनी राजघराण्यासाठी लावलेला कॅमेरा वापरून घेतला.

इथेच गोष्ट संपली असती तर ती नुसती हुशारीची ठरली असती. पण त्या दिवशी पोलिसांनी लोकांना झोडपलं होतं. त्याच्या फोटोंचं प्रदर्शन १९ मार्चला प्रिन्सेनग्राख्तवर भरलं, आणि त्या उद्घाटनाच्या वेळी बाहेर पुन्हा लाठ्या चालल्या. दिग्दर्शक लुई फान गास्टेरन याने त्यावर एक लघुपट केला. त्याचं नाव ‘ओम्दात मैन फीट्स दार स्टोंड’, म्हणजे ‘कारण माझी सायकल तिथे होती’. मार खाल्लेल्या तरुणाचं हे उत्तर. त्यात ना बोंगो, ना दाढीचा विनोद. एक माणूस, एक सायकल आणि लाठी. पुढच्या दीड वर्षाच्या आत अ‍ॅमस्टरडॅमच्या पोलीसप्रमुखाला आणि मग महापौरालाही पद सोडावं लागलं. त्यामागे कारणं अनेक होती, पण लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं नाकारणं कठीण झालं होतं हे खरं.

मात्र कॅमेरा हाती आला म्हणजे सगळं सुटतं असंही नाही हं. १९६७ मध्ये व्हीपीआरओच्या ‘हूप्ला’ या कार्यक्रमात फिल ब्लूम ही तरुणी विवस्त्र बसून ‘ट्राउ’ हे ख्रिस्ती वळणाचं दैनिक वाचताना दिसली. संसदेत प्रश्न विचारले गेले, आणि तीन भागांनंतर कार्यक्रम बंद पडला. हे बंडच होतं. पण कार्यक्रमाचे कर्ते पुरुष होते, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती तिची काया. दाढीच्या जागी देह आला, एवढंच. त्याच वर्षी मे महिन्यात प्रोवोंनी फोंडेलपार्कमध्ये जमून स्वतःची चळवळ स्वतःच विसर्जित केली. दुसऱ्या कुणी आपली मूर्ती करून मखरात बसवण्याआधी.

आणि आपल्याकडे? अ‍ॅलन गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईत आला होता. अशोक शहाणे, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे ही मंडळी त्याच काळात मराठीत स्वतःचं बंड करत होती, आणि त्यातून लघुअनियतकालिकांची चळवळ उभी राहिली. पण त्यांच्यावर टीव्हीचा कॅमेरा नव्हता. मुंबईत दूरदर्शन आलंच १९७२ मध्ये. म्हणून आपल्या आजोबांना हिप्पी माहीत, आणि शेजारच्या गल्लीतला अनियतकालिकवाला मात्र माहीत नाही.

तुम्ही इथे राहता, तेव्हा हा प्रश्न तुमचाही आहे. परदेशी मालिकेतला ‘इंडियन’ आठवा : मान डोलावणारा, ठरावीक उच्चारांचा, कॉम्प्युटरवाला. तोही क्रेब्सचाच भाऊ. पुढच्या वेळी असं पात्र दिसलं की हसा खुशाल, पण दोन गोष्टी स्वतःला विचारा. याला हे नाव कुणी दिलं? आणि याची सायकल नेमकी कुठे उभी होती, हे त्याला कुणी विचारलं का?