श्वासाकडे लक्ष, मुलांकडे लक्ष

आषाढातली संध्याकाळ होती. पाऊस नुकताच थांबला होता. वराळ्याच्या शिवारात भाताची आवणी उरकत आली होती. तळेगावला लोकलमधून उतरून आम्ही घरी पोहोचलो, तरी डोक्यात प्रयोगशाळेतले कामच घोळत होते. पाचवीतली आमची मुलगी धावत आली आणि एका बेडकाची लांबलचक हकीकत सांगू लागली. आम्ही 'हं, हं' करत होतो. मध्येच थांबून तिने विचारले, "बाबा, सांग बघू, बेडूक कुठून निघाला?" आम्हाला सांगता येईना. "तुझं लक्षच नव्हतं!" म्हणून ती आत निघून गेली.

त्याच आठवड्यात एका शाळेत आम्हाला मुलांशी 'एकाग्रता' या विषयावर बोलायचे होते. जे आपल्याला जमत नाही ते मुलांना कसे शिकवणार? म्हणून हा विषय आधी नीट समजून घ्यायचे ठरवले.

जुनी कल्पना, नवा शब्द

आत्ता या क्षणी काय घडते आहे, इकडे चांगले-वाईट न ठरवता लक्ष देणे, म्हणजे सजगता. पाली भाषेत तिला 'सति' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'स्मृती'चाच भाऊ. १८८१ साली ऱ्हीस डेव्हिड्स या अभ्यासकाने त्याचे भाषांतर 'माइंडफुलनेस' असे केले. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी सजगतेचे वर्ग सुरू केले आणि हा शब्द जगभर पोहोचला.

आपल्याकडे इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून सत्यनारायण गोएंका यांची विपश्यना शिबिरे होऊ लागली. त्यातली पहिली पायरी म्हणजे आनापान, म्हणजे आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास नुसता पाहणे. २०११-१२ च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने 'मित्र उपक्रमा'द्वारे आनापान शाळांमध्ये नेले. तेव्हा अनेक शिक्षकांना हा विषय नवा नाही.

आधी एक प्रयोग

स्वस्थ बसा. दोन बोटांनी डाव्या मनगटावर नाडी शोधा. आता पाच अंक मोजत सावकाश श्वास घ्या आणि पाच अंक मोजत सोडा. असे दहा वेळा करा आणि नाडीकडे लक्ष ठेवा. श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात आणि सोडताना लांबतात, असे जाणवेल. हा फरक मुलांमध्ये अधिक स्पष्ट असतो, त्यामुळे वर्गात प्रयोग छान रंगतो.

हे कसे घडते? मेंदूपासून हृदयापर्यंत व्हेगस नावाची चेता जाते. ती हृदयाला ब्रेकसारखी आवरते. श्वास घेताना हा ब्रेक थोडा सैल होतो आणि सोडताना पुन्हा लागतो. म्हणूनच सावकाश श्वास सोडला की शरीर शांत होते. घाबरलेल्या मुलाला 'हळूहळू श्वास सोड' असे सांगण्यामागे हे शास्त्र आहे.

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. या प्रयोगात आपण श्वास मुद्दाम बदलतो. आनापानात श्वास आहे तसाच ठेवायचा आणि फक्त पाहायचा असतो.

आणखी एक समजूत तपासून पाहू. 'दीर्घ श्वासाने मेंदूला जास्त प्राणवायू मिळतो' असे आपण वर्गात सहज सांगतो. पण निरोगी माणसाच्या रोहिणीतील रक्तात हिमोग्लोबिन नेहमीच ९५ टक्क्यांहून अधिक प्राणवायूने भरलेले असते. भरलेल्या घागरीत आणखी किती पाणी मावणार? उलट जोरजोराने श्वास घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि चक्कर येते. योगाचे दावे मोजून पाहावेत, ही वृत्ती आपल्या मावळात जुनी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा क्ष-किरणांच्या व दाबमापकांच्या साहाय्याने अभ्यास केला. त्याच वर्षी त्यांनी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही सुरू केले.

मन भटकणारच

डोळे मिटून बसले की मुले तक्रार करतात, "सर, विचार थांबतच नाहीत!" ते थांबायचे नसतातच. २०१० मध्ये किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २,२५० प्रौढांना दिवसभरात अवचित विचारले, 'आत्ता मनात काय चालले आहे?' सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामाऐवजी दुसरीकडेच होते. मन भटकले हे ओळखायचे आणि न चिडता परत यायचे, एवढाच हा सराव आहे. जितक्या वेळा परत याल तितका सराव झाला. मुलांना हे आधीच सांगितले तर 'मला जमत नाही' ही भावना येत नाही.

मुलांना उपयोग होतो का?

येथे आपल्याला प्रामाणिक राहायला हवे. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. तीत ८० हून अधिक शाळांतील आठ हजारांवर विद्यार्थी होते. काही शाळांत सजगतेचे तास घेतले, तर इतरांत नेहमीचेच शिक्षण चालू ठेवले. मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या शिक्षणापेक्षा फरक आढळला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. ज्यांना आधीपासून मानसिक त्रास होता, त्यांच्यातील काहींना तर हे तास फारसे मानवले नाहीत. मात्र शिकवणाऱ्या शिक्षकांचा थकवा काही काळ कमी झाला आणि शाळेतले वातावरणही थोडे सुधारले.

यावरून सजगता व्यर्थ आहे असे ठरत नाही. सर्व मुलांना सरसकट तास देऊन फायदा होईल, ही अपेक्षा मात्र टिकत नाही. आणि मोठ्यांनी स्वतः केलेल्या सरावाकडे आपण कमी लक्ष देतो की काय, असा प्रश्न पडतो.

त्यालाही शरीरशास्त्राचा आधार आहे. धोका जाणवताच मेंदूतील अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग क्षणात सावध होतो. कपाळामागचा भाग त्याला आवर घालतो. पण हा भाग पूर्ण विकसित व्हायला वयाची पंचविशी उजाडते. तोवर मूल स्वतःला आवरण्यासाठी जवळच्या मोठ्या माणसाचा आधार घेते. तो मोठा माणूसच खवळलेला असेल तर मुलाने कुणाकडे पाहावे?

घरी आणि वर्गात

आम्ही घरी तीन साध्या गोष्टी ठरवल्या. दारात चप्पल काढताना तीन श्वास पाहायचे. पहिला अर्धा तास मोबाइल कपाटात ठेवायचा. गणित चुकल्यावर आवाज चढू लागला की आधी एक श्वास पूर्ण सोडायचा आणि मग बोलायचे. रोज जमते असे नाही. परवाच भागाकारावरून आम्ही ओरडलो. पण नंतर "माझं चुकलं" असे म्हणता आले. पूर्वी तेही होत नसे.

वर्गात करायचे असेल तर दोन-तीन मिनिटे पुरेत. ज्याला नको असेल त्याला डोळे उघडे ठेवू द्यावेत, हवे तर खिडकीबाहेरचे आवाज ऐकू द्यावेत. 'डोळे मिटून गप्प बस' ही शिक्षा म्हणून कधीही वापरू नये. एखादे मूल सतत उदास किंवा भेदरलेले दिसले तर श्वासावर न थांबता पालकांशी बोलावे आणि डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. आणि मुले बसतील तेव्हा आपणही त्यांच्यासोबत बसावे; त्या वेळात वह्या तपासू नयेत.

शाळेतल्या त्या भाषणात आम्ही शेवटी बेडकाचा प्रसंग सांगितला. मुले खूप हसली. एका मुलाने विचारले, "मग बेडूक कुठून निघाला होता?" तोवर आम्ही मुलीला पुन्हा विचारले होते, आणि या वेळी पूर्ण ऐकले होते. तो तिच्या पावसाळी बुटातून निघाला होता.